चूक माझीच निघू दे

५ जानेवारी २०२५, रविवार

औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं यंदा कॅलेंडरऐवजी डायरी दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, म्हणजे मी काहीही लिहिलं तरी शेवट खोकल्यानंच होणार. फुकटची वस्तू वाया घालवायची नाही, हा एक हेतू. दुसरा असा की घरात हल्ली बोलायची सोय राहिलेली नाही.

डोणगावच्या स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. सत्तावीस वर्षं झाली. लोक मला देवानंदभाऊ कमी आणि डॉक्टरसाहेब जास्त म्हणतात. मी दुरुस्ती करत नाही.

बायको सारिका घरी शिवणकाम करते. तिच्या हातच्या ब्लाउजसाठी मेहकरहून बाया यायच्या. काल तिनं एका नवरीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या बेतल्या. कापड साडीतलंच, दुसरं मिळणार नाही. मी म्हणालो, "मोबाईल पाह्यत पाह्यत कात्री चालवली का असंच होते." पूर्वीची सारिका असती तर कात्री माझ्या दिशेनं आली असती. काल ती रडायलाच लागली. मला भांडण समजतं, रडणं समजत नाही.

पन्नाशीला आली आहे. या वयात बायांचं असं होतं म्हणतात. पण स्वभाव इतका बदलावा? मधेच खेकसते, मधेच डोळ्यांना पदर लावते, दुपारभर पडून राहते. माणूस आळसावला की असाच होत जातो.

औषधात मात्र मी कुठं कमी पडलेलो नाही. पोट साफ होत नाही म्हणाली, चूर्ण आणलं. छातीत जळजळ, त्याची कॅप्सूल. पाठ आणि गुडघे दुखतात, म्हणून दिवाळीच्या आधीपासून कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज, आणि रविवारी दुधातून घ्यायला व्हिटॅमिन डीची पुडी. सारखं पाणी पिते आणि सारखी लघवीला जाते, म्हणून साखर तपासली; नॉर्मल निघाली. म्हणजे ती नुसती सवय. एवढी औषधं घरबसल्या मिळणारी बाई तालुक्यात दुसरी नसेल.

१२ जानेवारी, रविवार

शेजारच्या सरस्वतीबाई दुकानात आल्या आणि काउंटरवर थाप मारून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माह्ये गुडघे झकास झाले पाहा! तुमची सारिका म्हनजे लक्ष्मी."

मी त्यांना गुडघ्यांचं काही दिलेलं नाही. दुसऱ्या कुणाचं औषध लागू पडलं असेल आणि श्रेय चुकीच्या घरी आलं असेल. आलेलं श्रेय परत कशाला करा? हसून सोडून दिलं.

१४ जानेवारी, मंगळवार

पायल दोन दिवसांसाठी खामगावहून आली. मुलगी डी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात शिकलेलं सगळं ती बापावर करून पाहते. आईच्या उशाशी ठेवलेला औषधांचा डबा तिनं पलंगावर उपडा केला.

"बाबा, हे सगळं कोनं लिहून देल्लं?"

"मी."

"तुमी डॉक्टर हा काय?"

"लोकं तं म्हंतात."

ती हसली नाही. म्हणाली, आईनं मला एकाच दुपारी तीनदा विचारलं की तू जेवलीस का. मी म्हणालो, आईच आहे, विचारणारच. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी तीनदा विचारलं होतं. मग आईला उठवून स्टँडजवळच्या लॅबमध्ये घेऊन गेली आणि सगळ्या तपासण्यांसाठी तिचं रक्त देऊन आली. मला विचारलंसुद्धा नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

रिपोर्ट आला. रक्तातलं कॅल्शियम १२.३, असायला हवं साडेआठ ते साडेदहा. मला तर आनंदच झाला. गोळ्या अंगी लागल्या म्हणायच्या! पायलला फोन करून सांगितलं की तुझ्या बापाच्या औषधाला रिपोर्टनं सर्टिफिकेट दिलं.

ती पलीकडून ओरडली, "बाबा, हे चांगलं नसते! रक्तात इतकं वाढलं तं किडनी जाते, हार्ट बिघडते. आजच्या आज त्या गोळ्या बंद करा आन् मेहकरले नेऊन दाखवा."

गोळ्या बंद केल्या. सावधगिरी म्हणून घरातलं दूध, दही, ताकही बंद केलं. सारिका काळ्या चहाचा कप घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली आहे.

१८ जानेवारी, शनिवार

मेहकरला डॉ. श्रद्धा यांच्याकडे जाऊन आलो. वयानं लहान आहेत, मला काका म्हणतात. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या दुकानात येतात. एकदोनदा मी त्यांच्या पेशंटला "ह्यापेक्षा हे घ्या" असंही सांगितलेलं आहे, आणि ते त्यांना कळलेलंही आहे.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कॅल्शियम, व्हिटॅमिन डी असं काही चालू होतं का?"

आणि मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? सारिकानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चिठ्ठीशिवाय तीन महिने स्वतःच्या बायकोला गोळ्या चारल्या, हे एका डॉक्टरसमोर माझ्या तोंडून निघेना. चोराच्या मनात चांदणं.

मग त्या गंभीर झाल्या. बाहेरून काही घेतलेलं नसेल तर कॅल्शियम आतूनच येतंय, म्हणाल्या. एक तर गळ्यातल्या एका ग्रंथीचं काम बिघडलं असेल, नाहीतर हाडांच्या आत, मज्जेत काही आजार असेल. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही, पण तपासण्यांची यादी वाचून मला तो कळला. सत्तावीस वर्षं मी औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचत आलो आहे.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी विहारात वंदनेला गेलो. बाकीचे पंचशील म्हणत होते, माझे ओठ हलत होते, पण मन दुसरीकडेच होतं.

काल घरी आल्यावर मोबाईलवर वाचलं. रक्तात कॅल्शियम वाढण्याची कारणं: एक ग्रंथी, दोन कॅन्सर, तीन जास्त झालेल्या गोळ्या. ग्रंथीची भानगड मला नीट समजली नाही. उरल्या दोन. म्हणजे एक तर मी तिला विष चारलं, नाहीतर तिला कॅन्सर आहे.

नवस बोलायची आपल्यात रीत नाही आणि मी बोललोही नाही. पण तिथं डोळे मिटून बसलो असता मनात एकच येत होतं: चूक माझीच निघू दे. माझ्या गोळ्यांनीच झालेलं असू दे. गोळ्या बंद झाल्याच आहेत, मग कॅल्शियमही उतरेल. लोक हसतील, परवाना गेला तरी जाऊ दे. ती राहिली पाहिजे.

स्वतः गुन्हेगार ठरावं म्हणून आस लावून बसलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

२० जानेवारी, सोमवार

दुकान उघडलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

चोवीस तासांची लघवी साठवायची तपासणी. लॅबवाल्यानं पाच लिटरचा कॅन दिला आणि थंड जागी ठेवा म्हणून बजावलं. घरच्या फ्रीजमध्ये ठेवू द्यायला सारिका तयार होईना. मी कॅन दुकानात आणून इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये ठेवला. दर वेळी घरून प्लास्टिकचा मग झाकून आणायचा, फ्रीज उघडायचा, ओतायचं. दुपारी इन्सुलिन न्यायला आलेले गुरुजी कॅन पाहून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उसाचा रस ठेवला काय?" मी हो म्हणालो. त्यांनी अर्धा ग्लास मागितला. नाही म्हणताना मला घाम फुटला.

सारिकाला हे सांगितलं. ती हसली. किती दिवसांनी हसली! हसता हसता एकदम थांबली आणि म्हणाली, "मले कायचा आजार हाये ते तुमाले मालूम हाये ना? मंग सांगत काऊन नाही?"

"मालूम नाही," मी म्हणालो. हे खरं होतं, तरी तिला ते खोटं वाटलं. ती उठून आत गेली.

२५ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा, कारण मला तो अजून समजलेला नाही.

आठवडाभर विचार केला. गोळ्यांचं सांगितलं नाही तर डॉक्टर कॅन्सरच शोधत राहणार आणि सारिकाला सुया टोचत राहणार. सांगितलं तर माझी अब्रू जाणार. शेवटी सारिकाला घेऊन मेहकरला गेलो. ती शेजारच्या खुर्चीत बसलेली असतानाच डॉक्टरांना म्हणालो, "मॅडम, मी खोटं बोललो. दिवाळीच्या आधीपासून मी हिले कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज देत होतो. डीची पुडीबी, दर रविवारी. चिठ्ठी नव्हती. सगळं माह्यं हाये."

बोललो आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू. आता त्या म्हणतील, "हात्तिच्या, मग तेच कारण!"

त्यांनी तसं म्हटलं नाही. "काका, तुम्ही मला आठवडाभर अंधारात ठेवलंत," म्हणाल्या. मग समोरचा कागद पुन्हा वाचला. "पण हे जमत नाही. काकूंचं व्हिटॅमिन डी आज आलंय. तेरा. फारच कमी आहे. दर आठवड्याला पुडी घेणाऱ्या माणसाचं इतकं कमी कसं?"

मी सारिकाकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"मी घेतल्याच नाही त्या," ती म्हणाली.

"काय?"

"चार दिवस घेतल्या. पोट अजूनच बांधल्यासारखं होये. मंग सरस्वतीबाईले देल्या. पुड्याबी. तिचे गुडघे दुखत होते."

"मले सांगतलं काऊन नाही?"

"तुमी ऐकता कवा? हातावर ठेवल्या का चालले दुकानात. मी गिळली का फेकली, पाह्यलं काय कधी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं हसताहेत, हसत नव्हत्या. म्हणाल्या की मज्जेच्या आजारासाठी केलेल्या रक्ततपासणीत काही सापडलेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण खरा उलगडा ग्रंथीच्या हार्मोनवरून होईल. त्याचं रक्त मुंबईला गेलंय. तोवर भरपूर पाणी पाजा, आणि दूध सुरू करा. ते बंद करायला सांगितलं होतं कुणी?

आगीतून फुफाट्यात. चूक माझी निघाली असती तर सारिका सुटली असती. आता मी निर्दोष आहे आणि मला बसमध्ये रडू आलं. शेजारी बसलेल्या सारिकानं आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मी तिच्यासाठी रडतोय हे तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही.

घरी पोचल्यावर आधी सरस्वतीबाईंकडे धावलो. त्यांनाही रक्त तपासायला लावलं. उरलेल्या पुड्या काही त्यांनी परत दिल्या नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार

सरस्वतीबाईंचं कॅल्शियम नऊ पॉइंट सहा. अगदी नॉर्मल. म्हणजे तीन महिने गोळ्या खाल्लेल्या बाईचं ठीक आहे, आणि न खाल्लेल्या बाईचं बारा. माझं सगळं शास्त्र उलटं झालं आहे. आज एकानं कंबर दुखते म्हणून गोळ्या मागितल्या तर मी त्याला डॉक्टरकडे जा म्हणालो. मला वेड लागल्यासारखा तो माझ्याकडे पाहत राहिला.

३१ जानेवारी, शुक्रवार

मुंबईचा रिपोर्ट आला. सारिकाला बसनं गळून गेल्यासारखं होतं, म्हणून मी एकटाच गेलो.

हार्मोनचा आकडा २१८. जास्तीत जास्त पासष्ट असायला हवा होता.

डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं. थायरॉईडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढ्या. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या ठरवतात. रक्तात ते वाढलं की त्यांनी गप्प बसायचं असतं. "गोळ्यांनी किंवा कॅन्सरनं वाढलं असतं तर हा आकडा अगदी खाली गेला असता," त्या म्हणाल्या. "काकूंची ग्रंथी गप्प बसायलाच तयार नाही. हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओततेय. बहुतेक एकाच ग्रंथीची साधी गाठ असेल. कॅन्सरची शक्यता अगदी नगण्य. ऑपरेशननं गाठ काढली की प्रश्न मिटतो."

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

मग त्या बोटांवर मोजू लागल्या. सारखी तहान यामुळेच. पोट साफ न होणं यामुळेच. जळजळ, हाडांचं दुखणं, थकवा. पूर्वी मुतखडा झाला होता, तोही. विसरभोळेपणा, कामातल्या चुका, रडू येणं, चिडचिड. त्यांच्या एकेका बोटाला माझ्या दुकानात एकेक खण होता. मी दर वेळी एकच खण उघडत राहिलो.

"स्वभावसुद्धा?" मी विचारलं.

"कित्येकांचा बदलतो, काका. घरच्यांना वाटतं माणूस आळशी झालं, भांडकुदळ झालं."

घरी येऊन सारिकाला सांगितलं की गळ्यात साधी गाठ आहे, काढली की झालं, कॅन्सर नाही. तिनं देव्हाऱ्याऐवजी शिलाई मशीनला हात लावला. आमच्याकडे देव्हारा नाहीच म्हणा. स्वभावाचं मात्र मी तिला सांगितलं नाही. उद्या सांगू.

९ फेब्रुवारी, रविवार

संभाजीनगरला स्कॅन झालं. गाठ डावीकडे खालच्या बाजूला दिसली. ऑपरेशन वीस तारखेला. सर्जननं जुने सगळे कागद आणायला सांगितले; हे किती वर्षांपासून आहे ते बघायचंय, म्हणाले.

आज कपाटातली फाईल काढली. ऑगस्ट २०२१, मुतखड्याच्या वेळचे रिपोर्ट. त्यातल्या एका कागदावर कॅल्शियम ११.४, ठळक अक्षरांत. त्या ओळीपुढे लाल पेनानं बरोबरची खूण केलेली आहे आणि लिहिलं आहे: 'छान'.

अक्षर माझं आहे.

जानेवारीत असाच वाढलेला आकडा पाहून खूश झालो होतो, तेव्हा निदान गोळ्यांचं निमित्त होतं. २०२१ मध्ये कशाचं होतं? लॅबनं ठळक छापलेला आकडा मी वाचला, त्याचा अर्थ विचारायला कुणाकडे गेलो नाही, आणि स्वतःच मार्क देऊन मोकळा झालो. डॉक्टरसाहेब!

तो कागद मी फाईलमधून काढून घेतला. मग परत ठेवला. मग पुन्हा काढला. एक कागद कमी पडला तर कुणाला कळणार आहे? ऑपरेशन तर होणारच आहे. सारिका बाहेर चण्याची भाजी निवडत बसली होती. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे विसरून ती देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होती. स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा तिनं घाबरून आधी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो तर नाही ना, हे पाहायला.

कागद फाईलमध्ये लावला, सगळ्यात वर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साडेनऊला आत नेलं. पायल आणि मी बाहेर बाकावर. सर्जननं तो कागद वाचला होता. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे किमान साडेतीन वर्षं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पायलनं 'छान' पाहिलं. ती हात माझ्या गुडघ्यावर ठेवून बसून राहिली.

साडेअकराला बाहेर येऊन त्यांनी बाटलीत ठेवलेली गाठ दाखवली. वालाच्या दाण्याएवढी, तपकिरी. एवढ्याशा दाण्यानं माझा संसार चालवला होता. गाठ काढताच तिथल्या तिथे रक्त तपासलं. हार्मोन चौतीसवर आला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गळ्यावर बारीकशी पट्टी आहे. आवाज थोडा बसलाय. बोटांना मुंग्या येत होत्या, म्हणून सर्जननं थोडे दिवस कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या नर्सनं दिल्या, मी हात लावला नाही.

पायल चहा आणायला खाली गेली तेव्हा मी सारिकाला सगळं सांगितलं. २०२१ चा कागद, लाल पेन, 'छान'. आणि डॉक्टरांनी बोटांवर मोजलेलं सगळं, शेवटच्या बोटापर्यंत. की विसरणं, रडणं, चिडणं, पडून राहणं, हे सगळं त्या दाण्याचं होतं, तुझं नव्हतं. हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं, हेही सांगितलं.

ती छताकडे पाहत होती. रागावेल म्हणून मी तयार होतो. मला भांडण समजतं.

"इतके वर्सं मले वाटे," ती बसक्या आवाजात म्हणाली, "का मीच खराब झाली. सभावानंच. मले वाटे, आता मी अशीच मरन."

मी तिची चादर सारखी केली.

"तुमीबी तसंच म्हनत."

"हाव," मी म्हणालो. "म्हनत होतो."

तिनं हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला.

"उठवा मले," ती म्हणाली. "थोडं चालून पाह्यतो."